मठजवळचं बिनपाटीचं गॅरेज आणि आमची १९७२ ची कॉम्बी

तुमच्याकडे जुनी एअर-कूल्ड फोक्सवॅगन असेल, बीटल किंवा कॉम्बी व्हॅन, आणि ती सिंधुदुर्ग, गोवा किंवा कोल्हापूरच्या टापूत असेल, तर इंजिन उघडायला ती ट्रकवर घालून मुंबईला पाठवण्याआधी हे वाचा. कुडाळहून वेंगुर्ल्याकडे येताना मठ गावाच्या अलीकडे रस्त्याला लागूनच एक पत्र्याची शेड आहे. पाटी नाही. बाहेर अँबॅसॅडरचं एक बॉनेट भिंतीला टेकवलेलं असतं आणि त्यावर सहसा कोंबड्या बसलेल्या असतात. मेस्त्रींचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय, "नाव घालू नकात वयनी. लोक येतत आणि उद्याच होया म्हणतत."

गाडीबद्दल थोडं. कॉम्बी, कंपनीच्या भाषेत टाइप टू, १९७२ ची, पुढे एकसंध वाकवलेली काच असलेली. इंजिन मागे, १५८४ सीसी, चार सिलेंडर आडवे, दोन इकडे दोन तिकडे. ताकद ५० हॉर्सपॉवर. रेडिएटर नाही, पाणी नाही. साठ-सत्तरच्या दशकात युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत जी गोरी मंडळी गोव्यात उतरायची, त्यांच्या अशा बऱ्याच गाड्या परत गेल्याच नाहीत. १९७९ नंतर तर तो रस्ताच बंद झाला. आमच्या मामंजींनी ही कस्टमच्या लिलावात घेतली, आणि ते असेपर्यंत तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. आता ती माझ्याकडे आहे. माझा वेंगुर्ल्यात काजूचा छोटा कारखाना आहे. सॅम्पलचे डबे घेऊन कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांकडे जायचं, येताना आंबोलीला थांबून भजी खायची, एवढं काम तिने करावं ही माझी अपेक्षा. शोकेसमध्ये ठेवायला गाडी नको. म्हणूनच २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी जी व्हिंटेज नोंदणी आली, ती मी केली नाही. २० हजार भरून ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते खरी, पण मग गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. दर पाच वर्षांनी आरटीओत फिटनेसला उभं राहणं परवडलं.

तक्रार अशी होती. घाट चढून वर गेलं की मीटरमधला ऑइलचा लाल दिवा रिकाम्या रेसवर लुकलुकायचा, गाडीला जोर नव्हता, आणि केबिनमध्ये धुराचा वास यायचा. त्याआधी काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये, नाव नको, ‘फुल ओव्हरऑल’, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून दुरुस्ती, केलं होतं. त्या बिलात रिंगा, बेअरिंग, पॅकिंग किट, रंग असं सगळं होतं. इंजिनाला चकचकीत काळा रंग दिलेला मात्र दिसत होता.

मठच्या मेस्त्रींनी गाडी पाहिली तेव्हा चावी मागितलीच नाही. मागचं झाकण उघडलं, खाली बसले, क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, मोठी पुली दोन्ही हातांनी धरली आणि पुढेमागे हिसका दिला. ‘टक’ असा आवाज आला. दुसऱ्यांदा मलाही हात लावायला सांगितलं. पुली गोल फिरायला हवी, ती माझ्या हातात आतबाहेर सरकत होती. ह्या इंजिनात क्रँकची आतबाहेरची ढील ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असावी लागते, ०.१५ झाली की इंजिन खोलायचं. डायल गेज लावल्यावर आमची ०.३ च्या वर निघाली. जुनी कॉम्बी किंवा बीटल विकत घ्यायला जाल तेव्हा हीच परीक्षा आधी घ्या. गाडीवाला रंगाबद्दल, सीटकव्हरबद्दल बोलत असतो तेवढ्यात वाकून पुली हलवून बघायची. फुकट आहे, आणि दोन-तीन लाख वाचवू शकते.

मग त्यांनी कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलेंडर किती दाब धरतो ते मोजलं. बाकीचे सिलेंडर ११० पीएसआयच्या आसपास, तीन नंबर ६५. तो आकडा पाहून ते जराही चकित झाले नाहीत. बॅटरी मारून पंख्याच्या पत्र्याच्या खोक्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो पत्रो ह्या गाडीचो नाय."

इथे मला गॅरेज पटलं. का ते नीट सांगते, कारण सगळं परीक्षण ह्याच मुद्द्यावर उभं आहे.

ह्या इंजिनात डायनामोच्या दांड्यावर पंखा असतो. पट्टा डायनामो आणि पंखा दोन्ही एकदम फिरवतो. पंखा पत्र्याच्या मोठ्या खोक्यात वारा ढकलतो, तो सिलेंडरांच्या पात्यांमधून खाली जातो आणि गरम होऊन गाडीच्या पोटाखाली बाहेर पडतो. ऑइल थंड करायचा कूलर जुन्या गाड्यांमध्ये त्याच खोक्याच्या आत, डाव्या बाजूला उभा असायचा. म्हणजे डावीकडच्या दोन सिलेंडरांना, त्यातही पुढच्या तीन नंबरला, कूलरमागचा उरलासुरला गरम वारा मिळायचा. तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळणं हे ह्या इंजिनांचं ठरलेलं दुखणं. कंपनीने १९७१ च्या मॉडेलपासून कूलर खोक्याबाहेर काढला, त्याला वेगळी वाट दिली, पंखाही रुंद केला. आमच्या १९७२ च्या गाडीला हा सुधारलेला खोका असायला हवा होता. मागच्या ओव्हरऑलमध्ये कुणीतरी कुठल्याशा जुन्या बीटलचा खोका आणि अरुंद पंखा चढवून दिला होता. सिलेंडरांच्या खालचे पत्रे गायब. इंजिनखोलीच्या कडेने जी रबरी पट्टी लागते तीही गायब, त्यामुळे खालचा तापलेला वारा पुन्हा वर येऊन पंख्यात शिरत होता. म्हणजे इंजिन आपलीच वाफ पीत होतं, वर्षानुवर्षं.

"ह्येका पाणी नाय, वयनी. ह्येचा पाणी म्हणजे वारो. वाऱ्याची वाट चुकली, काय इंजिन गेला."

कोकणातले नव्वद टक्के मेस्त्री पिस्टन, रिंगा, बेअरिंग उत्तम करतात. हे लिहिताना कुणाचा अपमान करायचा नाही, बोटींची इंजिनं चालवणारे हात आहेत. पण ते पाण्याच्या इंजिनावर शिकलेत. त्यांना पत्रा हा भंगार वाटतो. खोलताना काढतात, वाकडा झाला, बोल्ट गंजलेला, तर ठेवून देतात कोपऱ्यात. ह्या मेस्त्रींनी आधी पत्र्यांची यादी केली आणि मग पिस्टनचं बोलले.

इंजिन उतरवणं ह्या गाडीत सोपं आहे. गिअरबॉक्सला चार बोल्ट, मागचा आडवा आधार, वायरी, पेट्रोलचा पाईप, केबल. खाली ट्रॉली जॅक घालून सगळं इंजिन जमिनीवर. मेस्त्री आणि त्यांचा पुतण्या दोघांनी काढलं. उघडल्यावर आत जे निघालं त्याची वर्णनं लांबवत नाही. तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काठाला खाल्लेला, क्रँककेसमधली बेअरिंग बसायची घरं घासून मोठी झालेली.

क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते, उभ्या चिरलेल्या दोन फाकांची. ह्या दोन फाका कारखान्यात जोडीनेच मशीन केलेल्या असतात, त्यामुळे एक बिघडली म्हणून दुसऱ्या इंजिनाची एक फाक आणून लावता येत नाही. बेअरिंगची घरं एका रेषेत बोअर करून घ्यायला केस कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात गेली. मेस्त्री स्वतः बरोबर गेले. मला वाटलं होतं कोल्हापूरची मिसळ हे कारण असेल. कारण निराळं होतं. मॅग्नेशियमचा बारीक कीस पेटला तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतो, आणि त्या मशीनवर एरवी बिडाची कामं होतात. त्यांनी तिथे मशीनशेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवायला लावली आणि काम संपेपर्यंत स्टुलावर बसून राहिले. क्रँक तिथेच एक साइज घासून घेतला. बेअरिंग मागवताना दोन मापं सांगावी लागतात, क्रँकचं आतलं आणि केसचं बाहेरचं. एकच सांगितलं की चुकीचा सेट येतो, हे त्यांनी मला आधीच लिहून दिलं. कालनिर्णयाच्या मागच्या पानावर.

हेडं, म्हणजे सिलेंडरांच्या तोंडावरची व्हॉल्व्ह असलेली झाकणं, अॅल्युमिनियमची. त्यांची एक सवय मला फार आवडली. कार्बन काढायला हेडं कॉस्टिकच्या टाकीत टाकायची नाहीत, हे उद्यमनगरातल्या पोराला त्यांनी तोंडी सांगितलं आणि वर हेडांवर खडूने लिहिलंही. बिडाचं हेड कॉस्टिकमध्ये स्वच्छ होतं, अॅल्युमिनियमचं विरघळायला लागतं. नवे गाइड, नव्या सीट, नवे व्हॉल्व्ह. पिस्टन आणि बॅरल घासत बसले नाहीत, ८५.५ मिलिमीटरचा पुरा सेट बाहेरून मागवला, ब्राझीलमध्ये बनलेला. तिकडे कॉम्बी २०१३ पर्यंत निघत होती आणि हे वाऱ्याचं इंजिन २००५ पर्यंत तिच्यात होतं, म्हणून माल मिळतो. मिळतो म्हणजे पैसे भरले की निघतो. मग मुंबईत कस्टममध्ये पडून राहतो.

जोडणीच्या दिवशी मला बोलावलं होतं. शेडमध्ये धूळ, कोंबड्या, वेल्डिंगचा कीस. तिथे नाही जोडलं. घराच्या पडवीत, जमीन ओल्या फडक्याने पुसून, धुतलेल्या धोतराच्या तुकड्यावर दोन फाका मांडल्या होत्या. सुताचा बोळा जवळ येऊ दिला नाही, त्याचे तंतू ऑइलच्या भोकात जातात. दोन फाकांमध्ये पॅकिंग नसतं, नुसता सीलंटचा पातळ हात. सहा मोठे नट मधून बाहेरच्या बाजूला कसत न्यायचे, आणि दर टप्प्याला क्रँक हाताने फिरवून पाहायचा. अडकला तर सगळं परत सोडायचं. एकदा अडकला. कुणी काही बोललं नाही, परत सोडलं. एक बेअरिंग त्याच्या खुंटीवर बसलं नव्हतं.

क्रँकची ती आतबाहेरची ढील तीन पातळ चकत्यांनी बसवतात. ढील मोजायची, वजाबाकी करायची, तेवढ्या जाडीच्या चकत्या निवडायच्या. शेवटी ०.१० वर आली. आणि मग फ्लायव्हीलचा, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाचा, नट.

हा एकच नट, ३६ मिलिमीटरचा, सगळं फ्लायव्हील धरून ठेवतो, आणि तो साधारण ३०० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. एवढा मोठा टॉर्क रेंच कुडाळात कुणाकडे नाही. बरेच जण काय करतात, लांब पाईप घालतात आणि एक जाड माणूस त्यावर उभा करतात. मेस्त्रींनी मला फोन करून विचारलं, "वयनी, तुमचो काटो खरो असा ना?" माझ्या कारखान्याचा इलेक्ट्रॉनिक काटा वजनमाप खात्याचा शिक्का मारलेला आहे, त्यावर ग्राहक संशय घेत नाहीत, हे घेत होते. त्यांनी हिशेब असा केला: नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर ३०.६ किलो टांगले की ३०० झाले. पाईपचं स्वतःचं वजनही खाली ओढतं, ते वजा जाता साडेअठ्ठावीस. तेवढ्या काजूबिया गोणीत तोलून मी पाठवल्या. फ्लायव्हील लोखंडी पट्टीने अडकवलं, पाईप लेव्हलने आडवा धरला, गोणी दोरीने हळूच टांगली, नट थोडा सरकला आणि थांबला. गोणी सही-सलामत परत आली. बिलात त्याबद्दल काही वजावट मात्र नव्हती.

थर्मोस्टॅटचं सांगते, कारण ह्यावर आपल्याकडे वाद आहे. पंख्याच्या खोक्यात वारा अडवणारी झडपं असतात, इंजिनाखाली एक घडीचा डबा असतो, तो ६५ ते ७० अंशांना फुगून झडपं उघडतो. "आपल्याकडे एवढं गरम, काढून टाका" असं प्रत्येकजण म्हणतो. डबा काढला तर झडपं उघडीच राहतात, ते एक वेळ चालतं. पण लोक झडपंही काढून टाकतात, आणि ती झडपं वारा कुठल्या पात्याकडे वळवायचा हेही ठरवतात. मेस्त्रींनी नवा डबा आमच्या बॉयलरच्या थर्मामीटरबरोबर टोपात उकळून पाहिला. ६८ ला उघडला. बसवला.

आता सायलेन्सर. ह्या कामासाठी मी त्यांना पाच पैकी पाच देईन, आणि ह्याच कामात त्यांनी मला सगळ्यात जास्त वैतागही दिला.

आधीचं काय होतं ते बघा. मागच्या दोन सिलेंडरांचे नळ सरळ सायलेन्सरला जोडलेले असतात. पुढच्या दोघांचा धूर हीट एक्स्चेंजरमधून फिरून येतो. एक्स्चेंजर म्हणजे धुराच्या नळाभोवती पत्र्याचं आवरण, त्यातून वारा फिरवून गाडीच्या आत गरम हवा सोडायची. थंड देशांत छान. इथे खाऱ्या वाऱ्याने आतला नळ चाळणीसारखा झालेला, म्हणजे हीटरचा दांडा जरा उघडा राहिला की धूर थेट आमच्या नाकात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आम्हाला जो वास येत होता तो जळक्या ऑइलचा होता म्हणून कळलं तरी. जुनी कॉम्बी वापरणाऱ्या प्रत्येकाने एक्स्चेंजर काढून टॉर्च मारून पाहावेत. ही गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगते.

हेडमधले एक्झॉस्टचे स्टड गंजून हेडमध्येच चिकटले होते. दोन तुटले. तुटलेल्या बुडख्यावर नट वेल्ड करून, हेड तापवून, थोडं मागे थोडं पुढे करत काढले. एक तरीही आला नाही, तिथे ड्रिल करून नवा आटा घातला. परत बसवताना लोखंडी नटांऐवजी पितळी नट वापरले, ते चिकटत नाहीत.

एक्स्चेंजर आम्ही रद्द केले. पुढच्या दोन सिलेंडरांना साधे वाकवलेले नळ. पण इतका गोल वाकलेला, सुरकुती न पडलेला नळ कुडाळात कोण वाकवून देणार? बाहेरून तयार आणावे तर साध्या लोखंडाचे येतात आणि आमच्याकडे दोन पावसाळ्यांत त्यांची जाळी होते. मेस्त्रींनी उपाय काढला तो आंब्याच्या रसाच्या कारखान्यातला. रस, दूध असल्या गोष्टींच्या पाइपलाइनला स्टेनलेस स्टीलचे तयार बेंड मिळतात, आतून गुळगुळीत, दीड इंच बाहेरचं माप. फोक्सवॅगनच्या नळाच्या मापाला ते जवळपास बसतात. त्या ३०४ ग्रेडच्या बेंडांचे हवे तसे तुकडे कापून, पुठ्ठ्याच्या साच्यावर कोन जुळवून, आर्गन वेल्डिंगने जोडले. वेल्डिंग करताना नळाच्या आतही गॅस भरला, नाहीतर आतून काळी खपली धरते. माझ्या कारखान्यातली टेबलं ३०४ ची आहेत, त्यांना खाऱ्या हवेत तांबूस डाग पडतात पण भोकं पडत नाहीत. तसंच इथे होईल.

सायलेन्सरचा डबा बनवताना जुना डबा उभा चिरला. आतल्या जाळीच्या नळ्या, मधले पडदे, सगळ्यांची मापं घेतली आणि तेच स्टेनलेसमध्ये पुन्हा केलं. "आवाज बारको करूचो तर इंजिन गुदमारता," असं ते म्हणाले, म्हणून आतली मापं बदलली नाहीत. मोकाट पाईप किंवा बाजारातला स्पोर्ट्स डबाही लावला नाही. पहिल्या फेरीत साठच्या वेगाला डब्यातून एक किर्र आवाज येत होता. डबा पुन्हा उघडून आतल्या पडद्याला एक टेकू दिला. गेला.

आणखी एक बारकावा. एक्स्चेंजर काढले की पंख्याच्या खोक्याला असलेली दोन हीटरची तोंडं उघडी पडतात. ती बंद केली नाहीत तर सिलेंडरांच्या वाट्याचा वारा तिथूनच निसटतो. मेस्त्रींनी अॅल्युमिनियमची दोन टोपणं लेथवर करून बसवली. ज्या ज्या लोकांनी हीटर काढलाय त्यांनी आज जाऊन तेवढं बघा.

मग वैताग कुठला? सेवन नळाचा. कार्बोरेटरखालच्या आडव्या नळाला चिकटून एक बारीक नळी असते, तिच्यातून थोडा धूर फिरवून तो नळ गरम ठेवतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कशाला हवी, म्हणून मेस्त्रींनी ती नव्या सायलेन्सरला जोडली नव्हती. दिवाळीनंतर गाडी मिळाली, उन्हाळाभर सुरेख चालली. आषाढात आंबोलीला गेले. दाणोलीपासून वर दुसऱ्या गिअरमध्ये छान चढली, लाल दिवा एकदाही लागला नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर, पावसाळ्यात सगळं धुक्यात. चढ संपला, पाय हलका झाला, आणि गाडी धडधडायला लागली. मग बंद. पाच-दहा मिनिटांनी काही न करता चालू झाली. थोडं पुढे जाऊन परत तेच.

फोन केला. "झाकाण उघडा. कार्बोरेटराच्या खालच्या नळाक हात लावा." हात लावला. फ्रीजरच्या पत्र्यासारखा गार, आणि वर पांढरी खर धरलेली. आषाढात, सिंधुदुर्गात बर्फ! पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, हवेत एवढा ओलावा असतो की नळाच्या आत तो गोठतो आणि वाट बुजवतो. गाडी थांबली की इंजिनाची उष्णता वर येते, बर्फ वितळतो. त्याला थंड देश लागत नाही, ओली हवा लागते. ती आंबोलीत जेवढी आहे तेवढी जगात फारशी नसेल.

मेस्त्री फोनवर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ती नळी होयीच. हाडा गाडी." सायलेन्सरला दोन नवी तोंडं काढली, नळी आतून साफ केली, जोडली. मजुरी घेतली नाही. त्यानंतर आंबोलीत भर धुक्यातही गाडी बंद पडलेली नाही.

हिशेब. मजुरी ६२ हजार. कोल्हापूरचं मशीनिंग १९ हजार. पिस्टन-बॅरल, बेअरिंग, व्हॉल्व्ह, योग्य खोका आणि पंखा, रबर, हा बाहेरचा माल कस्टमसकट १ लाख ४६ हजार. स्टेनलेसचा सायलेन्सर आणि नळ सगळं मिळून २८ हजार. गायब पत्रे कापून वाकवून, कुडाळ एमआयडीसीत पावडर कोटिंग करून ११ हजार. एकूण २ लाख ६६ हजार. स्वस्त नाही. पावती वहीच्या पानावर मिळते, जीएसटी वगैरे विचारू नका. पण तुटलेले स्टड, जळका व्हॉल्व्ह, जुनी बेअरिंगं, सगळं पिशवीत घालून परत दिलं. मागच्या गॅरेजने असं काही दिलं नव्हतं.

खटकलेल्या गोष्टी अजून आहेत. व्हॉट्सअॅपवर उत्तर येत नाही, फक्त निळ्या टिक. काम कधी होईल हे विचारलं तर "होतला" एवढंच. जत्रांच्या हंगामात, कार्तिक-मार्गशीर्षापासून पुढे, मेस्त्री दशावतारात पखवाज वाजवायला जातात. रात्रभर नाटक, म्हणून शेड दुपारी उघडते, कधी उघडतच नाही. मला त्यात राग येत नाही, त्यांचा पखवाज मी ऐकलाय. पण मुंबईहून येणाऱ्याने फोन न करता येऊ नये. वायरिंगचं काम त्यांच्याकडे देऊ नका. त्यांना त्यात रस नाही आणि ते दिसतं. आमचा मागचा इंडिकेटर त्यांच्या हातून आल्यापासून मनाला येईल तेव्हाच लागतो.

गाडी देताना त्यांनी काही नियम घालून दिले, तेही लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाच्या कामी येतील. ह्या इंजिनात ऑइल फिल्टर नसतो, फक्त जाळी, आणि ऑइल अडीच लिटरच. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला काढायचं, नंतर दर अडीच हजारांना, २०डब्ल्यू-५० घालायचं. त्याच वेळी व्हॉल्व्हची ढील थंड इंजिनावर ०.१५ ला. पेट्रोलचे रबरी पाईप दर वर्षी बदलायचे, कारण आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉल आहे आणि जुनं रबर त्याने फुगून चिरतं. इंजिनखोलीत पेट्रोल गळलं आणि ठिणगी पडली, तर मॅग्नेशियमचं इंजिन कोणी विझवू शकत नाही. कार्बोरेटरच्या तोंडातली पितळी नळी सैल झाली का हे त्यांनी चिमट्याने ओढून दाखवलं आणि मलाही ओढायला लावलं. मी ड्रायव्हरच्या सीटमागे अग्निशामक ठेवलाय.

गाडी द्यायची असेल तर होळीनंतर द्या. तोपर्यंत जत्रा संपलेल्या असतात आणि पाऊस यायला वेळ असतो. गणपतीच्या आधी मुळीच नको, तेव्हा चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग मठच्या तिठ्यापर्यंत असते. जाताना गायब झालेले पत्रे घरच्या माळ्यावर कुठे पडलेत का ते शोधून बरोबर न्या, कितीही गंजलेले असले तरी. मेस्त्रींना साचा म्हणून ते चालतात, आणि तेवढे पैसे वाचतात.